स्कॉटलंडच्या खेड्यातलं रेल्वे कुटुंब जनगणनेत कसं शोधावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सासरच्या घराण्यातले एक पूर्वज हायलँड रेल्वे या कंपनीत ‘सरफेसमन’ (रूळ सांभाळणारे कामगार) होते. १८८१च्या जनगणनेत ते बायकोमुलांसह पर्थशायरमधल्या ब्लेअर अथॉल पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेला स्थानिक विभाग), डालनास्पिडल स्टेशनाजवळ सापडले. पण १८७१ आणि १८९१च्या जनगणनेत नावानं कितीही शोधलं तरी मिळत नाहीत. आता पुढे कसं जायचं?

आधी एक करा: नाव टाकून शोधणं काही काळ बंद ठेवा आणि हातात असलेलं १८८१चं पान नीट वाचा. रेल्वेच्या माणसाच्या बाबतीत बहुतेक जण धंद्याचा रकाना वाचतात आणि थांबतात. खरा माग मुलांच्या जन्मगावाच्या रकान्यात असतो. शेतमजूर वर्षा-सहा महिन्यांनी शेत बदलायचा, पण बहुतेकदा आसपासच्या पॅरिशमध्येच. रेल्वेवाल्याची बदली मात्र लोहमार्ग धरून पन्नास-साठ मैलांवरही व्हायची, आणि प्रत्येक मुक्कामी एखादं मूल जन्मलेलं असतं. मोठ्या मुलापासून धाकट्यापर्यंत जन्मगावं ओळीनं लिहून काढलीत की वडिलांच्या बदल्यांचा आराखडाच हाती येतो.

तुम्ही उतरवून दिलेलं कुटुंब असं आहे: कुटुंबप्रमुख ३८ वर्षांचा, जन्म इन्व्हरनेसशायर, लॅगन. पत्नी ३६, जन्म ब्लेअर अथॉल. मुलगी १२, जन्म ‘डंकेल्ड’. मुलगा ९, जन्म किंगुसी. मुलगा ४, जन्म ब्लेअर अथॉल. तान्हं मूल ७ महिन्यांचं, तेही तिथलंच. शिवाय २२ वर्षांचा एक पोटभाडेकरू, तोही सरफेसमन. खिडकी असलेल्या खोल्या दोन.

आता तारखा मांडा. १८८१ची गणना ३ एप्रिलच्या रात्रीची. १८७१ची होती २ एप्रिलची. नऊ वर्षांचा मुलगा एप्रिल १८७१ ते एप्रिल १८७२ या काळात जन्मला, म्हणजे १८७१च्या पानावर तो नसणारच. त्याचं नाव टाकून १८७१ शोधत बसलात तर दिवस वाया जातील. त्या पानावर असणार ते नवरा-बायको आणि दोन वर्षांची मुलगी, एवढेच. आणि ते डंकेल्डकडे असतील किंवा किंगुसीला नुकतेच पोचलेले असतील.

‘डंकेल्ड’वरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. डंकेल्ड गाव टे नदीच्या उत्तरेला आहे, पण डंकेल्डचं रेल्वे स्टेशन नदीपलीकडे बर्नमला आहे आणि ते लिट्ल डंकेल्ड या वेगळ्या पॅरिशमध्ये मोडतं. रेल्वेतलं कुटुंब स्टेशनाच्या बाजूला राहणार, त्यामुळे जन्माची नोंद लिट्ल डंकेल्डच्या वहीत असण्याची शक्यता जास्त. स्टेशनाचं नाव एक आणि पॅरिश दुसरंच, हे स्कॉटलंडभर आढळतं. म्हणून प्रत्येक स्टेशन जुन्या ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनची सरकारी नकाशा-संस्था) नकाशावर शोधून पॅरिशची हद्द तपासायची सवय लावून घ्या. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर हे नकाशे फुकट पाहता येतात. सहा इंची आणि पंचवीस इंची (मैलाला इतके इंच या प्रमाणाच्या) नकाशांवर रुळालगतची घरंसुद्धा दिसतात.

पैसे खर्च करायचे तर पहिला खर्च कशावर? माझं स्पष्ट मत: सात महिन्यांच्या तान्ह्या मुलाच्या जन्मनोंदीवर. कारण तिचं ठिकाण पक्कं आहे, काळ पक्का आहे (१८८०चा ऑगस्ट-सप्टेंबर), आणि ब्लेअर अथॉलसारख्या विरळ वस्तीच्या पॅरिशमध्ये त्या दोन महिन्यांत एकाच आडनावाची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सक्तीची झाली, आणि या नोंदी इंग्लंडच्या नोंदींपेक्षा कितीतरी बोलक्या आहेत. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव तर असतंच, शिवाय आईवडिलांचं लग्न कधी आणि कुठे झालं तेही लिहिलेलं असतं. (१८५६ ते १८६० या पाच वर्षांत लग्नाचा तपशील गाळला होता, १८६१पासून तो परत आला.) वडिलांचा धंदा, जन्माचं नेमकं घर आणि नोंद करायला कोण आलं होतं, हे सगळं त्यात मिळतं. जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवायचा होता, त्यामुळे त्यातला पत्ता ताजा असतो.

त्या नोंदीवरून थेट विवाहनोंदीवर जा. विवाहनोंदीत वधूवरांची वयं, धंदे आणि राहती ठिकाणं असतात, आणि दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आयांच्या माहेरच्या आडनावांसकट. म्हणजे दोनच कागदांत तुम्ही एक पिढी मागे पोचता. यापुढे कुठलंही पान ‘आपलंच’ आहे की नाही हे ठरवायला चार आडनावं हाताशी असतात. उत्तर स्कॉटलंडमध्ये एकाच खोऱ्यात तीच चार-पाच आडनावं आणि तीच सहा-सात पाळण्यातली नावं फिरत असतात, तिथे या चार आडनावांशिवाय खात्री देता येत नाही.

किंगुसीच्या मुलाची जन्मनोंद हा दुसरा खर्च. १८७१च्या गणनेनंतर लगेचच्या काळात कुटुंब नेमकं कुठल्या घरात होतं ते ती सांगेल. मग १८७१च्या वहीत त्या घराच्या आसपासची पानं वाचायची. नावानं शोधणं फसतं तेव्हा ठिकाणानं शोधायचं.

नाव का फसतं, हेही सांगतो, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. स्कॉटलंडमध्ये त्या काळचे घरोघरचे मूळ तक्ते आज उरलेले नाहीत. आपण पाहतो त्या प्रगणकानं तक्त्यांवरून उतरवलेल्या वह्या. मोजणी करणाऱ्या कारकुनांनी पुढे त्याच वह्यांवर खुणा केल्या. वयावरून मारलेली रेघ ३ला ८ करते, १ला ७ करते. ‘७ महिने’मधला महिन्याचा ‘एम’ पुसट असला की तान्हं मूल सूचीत सात वर्षांचं होतं. आणि सूची करणारा माणूस अनेकदा हजारो मैलांवर बसलेला, त्याला गेलिक (हायलँडची जुनी भाषा) नावांचं वळण माहीत नसतं.

मॅक आणि मक हे दोन्ही प्रकार शोधा, आणि मॅकशिवायचं आडनावही शोधा. बायकांच्या नावात जेनेट, जेसी, जीन आणि जेन एकमेकींच्या जागी येतात. एल्स्पेथची एलिझाबेथ होते, युफेमियाची एफी होते. पुरुषांत डोनाल्डचा डॅनियल होतो, ह्यूचा युअन होतो, पॅट्रिकचा पीटर होतो. लॅगनमध्ये जन्मलेला माणूस घरात गेलिक बोलणारा असण्याची शक्यता मोठी, आणि इंग्रजी लिहिणारा प्रगणक कानावर पडलं त्याला जवळचं इंग्रजी नाव देऊन मोकळा व्हायचा. १८८१ला गेलिकचा रकाना पहिल्यांदा आला. त्या पानावर तो भरलेला आहे का ते पुन्हा पाहा. १८९१ला ‘फक्त गेलिक’ आणि ‘गेलिक व इंग्रजी’ असा फरक केला आहे, म्हणून दोन्ही पानं एकाच कुटुंबाची आहेत का हे ताडून पाहायला हा रकाना फार उपयोगी पडतो.

सरकारी संकेतस्थळ ‘स्कॉटलंड्स पीपल’वर तारकाचिन्ह (*) वापरून आडनावातली शंकास्पद अक्षरं मोकळी ठेवता येतात. मूळ पानांची चित्रं तिथेच मिळतात. अँसेस्ट्रीवर स्कॉटलंडच्या जनगणनेची फक्त उतरवून घेतलेली माहिती आहे, पानाचं चित्र नाही. पण आडनाव पूर्ण कोरं ठेवून फक्त पाळण्यातलं नाव, वय आणि जन्म-पॅरिश टाकून शोधण्याची सोय अशा खासगी संकेतस्थळांवर आहे. तेव्हा दोन्ही वापरा: तिथे शोधा, आणि पान स्कॉटलंड्स पीपलवर विकत घ्या. उतरवलेल्या माहितीवर थांबू नका. तिच्यात शेजारची घरं दिसत नाहीत. मूळ वहीत एक इमारत कुठे संपली आणि एकाच इमारतीतलं दुसरं बिऱ्हाड कुठे सुरू झालं, हे दाखवणाऱ्या तिरक्या रेघाही उतरवलेल्या माहितीत नसतात. रेल्वेच्या घरांत त्या रेघांना फार महत्त्व आहे, कारण एका छपराखाली दोन बिऱ्हाडं असायची आणि शेजारचा माणूस बहुधा त्याच टोळीतला असायचा. पुढच्या गणनेत तो शेजारी सापडला तर त्याच्या आजूबाजूला तुमचं कुटुंबही शोधा.

आता धंद्याच्या शब्दांबद्दल. सरफेसमन म्हणजे आपल्याकडचा गँगमन: ठराविक मैलांचा रूळ सांभाळणारा, खडी ठोकणारा, स्लीपर बदलणारा, हिवाळ्यात बर्फ उपसणारा. इंग्लंडमध्ये त्यालाच प्लेटलेअर म्हणत, आणि इंग्रज प्रगणक किंवा इंग्लंडहून आलेला माणूस असेल तर स्कॉटलंडच्या वहीतही तो शब्द येतो. पण सावध राहा: रस्त्याच्या डागडुजीवरचा माणूससुद्धा सरफेसमनच म्हणवत असे. ‘रेल्वे’ हा शब्द जोडलेला नसेल तर जन्मनोंद किंवा विवाहनोंद पाहिल्याशिवाय त्याला रेल्वेत घालू नका. उलट नुसतं ‘रेल्वे लेबरर’ लिहिलेला माणूस एकतर नवा मार्ग बांधणारा मजूर असतो, नाहीतर चालू मार्गावरचा गँगमन. हे कसं ओळखायचं? त्या जनगणनेच्या वेळी त्या भागात बांधकाम चालू होतं का ते पाहून.

हा भाग बारकाईनं पाहण्यासारखा आहे. पर्थ ते इन्व्हरनेस हा डोंगरातला मार्ग १८६१च्या जुलैमध्ये मंजूर झाला आणि १८६३ला सुरू झाला. १८६१ची गणना ७ एप्रिलची. म्हणजे तो मार्ग बांधणारे हजारो मजूर कुठल्याच जनगणनेत त्या कामावर सापडत नाहीत. दोन गणनांच्या मधल्या फटीत तो सगळा उद्योग झाला. याउलट दक्षिणेला हॉइकहून कार्लाइलला जाणारा मार्ग १८५९ ते १८६२मध्ये बांधला गेला, म्हणून १८६१च्या वहीत रॉक्सबरोशायरच्या कॅसलटन पॅरिशची पानं मजुरांनी भरलेली आहेत. वेस्ट हायलँड मार्ग १८८९ ते १८९४मधला. रॅनॉखच्या दलदलीतल्या मजुरांच्या छावण्या १८९१च्या गणनेत नोंदल्या गेल्या. फोर्थचा पूल १८८२ ते १८९०, म्हणजे पुन्हा फटीत. तुमच्या पूर्वजाचं वय ३८ आहे, जन्म साधारण १८४३चा. १८६१ला तो अठरा वर्षांचा होता आणि लॅगनमध्येच, बहुधा शेतावर नोकर म्हणून सापडेल. त्याच्याच दारावरून मार्ग बांधला गेला, हे त्याच्या रेल्वेत शिरण्यामागचं सर्वांत साधं स्पष्टीकरण. पण पुरावा मिळेपर्यंत ते अनुमान म्हणूनच लिहून ठेवा.

१८४३ या सालामुळे आणखी एक अडचण आहे. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं झालं. उत्तरेत लोक मोठ्या संख्येनं तिकडे गेले, त्यामुळे १८५५पूर्वीच्या जुन्या पॅरिश वह्यांत त्या वर्षांतले पुष्कळ बाप्तिस्मे नाहीत. त्याचा बाप्तिस्मा मिळाला नाही तर तो तिथे जन्मलाच नाही असं मानू नका. विवाहनोंदीतली आईवडिलांची नावं घेऊन १८५१च्या लॅगनच्या वहीत सात-आठ वर्षांचा मुलगा शोधा. १८५१पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्म-पॅरिश दोन्ही लिहिलेली आहेत. १८४१ला यातलं काही नव्हतं: नातं नाही, जन्मगावाऐवजी ‘याच काउंटीत जन्म, हो की नाही’ एवढंच, आणि पंधरा वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत उतरवलेली. शिवाय फाइफ काउंटीतल्या काही पॅरिशच्या १८४१च्या वह्या हरवलेल्याच आहेत.

१८९१कडे येऊ, पण त्याआधी १८८१च्या पानावरची एक गोष्ट. नऊ आणि चार या वयांमधलं पाच वर्षांचं अंतर तुमच्या नजरेतून सुटलं असावं. त्या काळच्या घरात एवढी फट बहुतेकदा एखाद्या मुलाच्या मृत्यूची खूण असते. १८७२ ते १८८१मधल्या किंगुसी आणि ब्लेअर अथॉलच्या मृत्यूंत त्या आडनावाची लहान मुलं पाहा. मृत्युनोंदीत दोन्ही पालकांची नावं असतात. आणि मुलांच्या नावांकडेही लक्ष द्या. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, अशी तिकडची रीत होती. आजोबांचं नाव नातवाला देणाऱ्या मराठी घरांना ती लगेच ओळखीची वाटेल. एखादं मूल गेलं तर तेच नाव पुढच्या मुलाला दिलेलंही दिसतं. ही रीत म्हणजे दिशादर्शक, पुरावा नव्हे.

१८९१ला घराचं रूपच पालटलेलं असणार. मुलगी २२ वर्षांची, म्हणजे कुणाच्या तरी घरी कामाला किंवा लग्न झालेली. मोठा मुलगा १९ वर्षांचा, कदाचित पर्थ किंवा इन्व्हरनेसच्या इंजिनशेडमध्ये क्लीनर, परक्या घरी पोटभाडेकरू. पूर्वीचे सात जण एकत्र शोधलेत तर मिळणारच नाहीत. चौदा वर्षांचा आणि दहा वर्षांचा, या दोन धाकट्यांवर शोध बांधा. शाळेच्या वयाची मुलंच घरी असतात. मोठ्या मुलाबद्दल एक नियम लक्षात ठेवा: रात्रपाळी करून सकाळी घरी परतणारा माणूस घरच्याच तक्त्यात लिहायचा होता, पण गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला मुक्कामी गेलेला ड्रायव्हर, फायरमन किंवा गार्ड त्या मुक्कामाच्या घरी मोजला गेला. म्हणून १८९१ला बायको घरी ‘इंजिन ड्रायव्हरची पत्नी’ म्हणून एकटी दिसते तेव्हा लगेच तिला विधवा किंवा टाकलेली समजू नका.

तरीही नवरा मिळत नसेल तर १८८१ ते १८९१मधले मृत्यू शोधा, आणि हे टाळू नका. रुळावरचं काम जिवावरचं होतं: धुक्यात, बर्फात, वळणावर गाडी अंगावर येऊन सरफेसमन मरत. असा अपघाती मृत्यू प्रोक्युरेटर फिस्कलच्या (तिथल्या सरकारी वकिलाच्या) चौकशीत गेला की मूळ मृत्युनोंदीला ‘दुरुस्त नोंदींची वही’ यातलं एक पुरवणी पान जोडलं जाई. समासात तशी खूण दिसली तर ते पान जरूर उघडा. मृत्यूचं नेमकं कारण त्यातच मिळतं. १८९५च्या कायद्यानंतर कामावरच्या प्राणघातक अपघातांची शेरिफ या स्थानिक न्यायाधीशापुढे ज्यूरीसह चौकशी होऊ लागली, त्याची कागदपत्रं एडिनबरोच्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये शेरिफ न्यायालयांच्या दप्तरात मिळतात.

नवरा गेला की कंपनीचं घरही सुटायचं. विधवा मग माहेरच्या पॅरिशकडे वळे, किंवा फाटकावरचं काम मिळालं तर रुळालगतच राही. स्कॉटलंडमध्ये बाईचं माहेरचं आडनाव कायद्यानं कधी पुसलं जात नाही. विवाहित स्त्रीच्या मृत्यूची सूची सासरच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही आडनावांखाली असते, आणि जनगणनेतही विधवा कधीकधी माहेरच्या नावानं लिहिलेली सापडते. १८९१ला तुमची ३६ वर्षांची पत्नी ४६ वर्षांची असेल. ब्लेअर अथॉलमध्ये जन्मलेली, माहेरच्या आडनावाची स्त्री म्हणून एकदा शोधा. तिनं पॅरिशकडे मदत मागितली असेल तर गरीब मदतीच्या अर्जात मुलांची नावं, जन्मगावं आणि आधीचे पत्ते मिळतात. पाच वर्षं सलग वास्तव्य असलं तर त्या पॅरिशवर जबाबदारी येई, म्हणून अधिकारी पत्त्यांचा इतिहास खोदून विचारत.

दोन गणनांच्या मधला काळ भरायला मूल्यांकन वह्या आहेत. १८५५पासून दर वर्षी घरमालक, भाडेकरू आणि वार्षिक मूल्य लिहिलेलं असतं. स्कॉटलंड्स पीपलवर १८६५, १८७५, १८८५, १८९५ अशी निवडक वर्षं आहेत. फक्त दोन गोष्टी: चार पौंडांखालच्या भाड्याच्या घरांत राहणाऱ्याचं नाव अनेकदा नसतं, आणि रेल्वे व कालव्यांच्या मालमत्तेसाठी वेगळा मूल्यांकन अधिकारी होता, त्यामुळे रुळालगतचं घर काउंटीच्या वहीत दिसलं नाही तरी ते नव्हतं असा अर्थ होत नाही.

रेल्वे कंपन्यांची नोकर-दप्तरंही नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये ‘बीआर’ या संग्रहात आहेत, कंपनीनुसार लावलेली. हायलँड रेल्वे १८६५ला स्थापन झाली, तेव्हा त्याआधीचं काही शोधायचं तर तिच्यात विलीन झालेल्या कंपन्यांच्या नावानं पाहा. अपेक्षा माफक ठेवा: स्टेशनमास्तर, कारकून, ड्रायव्हर यांच्या नोंदी गँगमनपेक्षा बऱ्या टिकल्या आहेत. मी तरी हे दप्तर जनगणना आणि जन्म-विवाह नोंदी संपल्यावरच उघडायला सांगेन, कारण कंपनी, ठिकाण आणि साल ठाऊक नसताना त्यात नुसतं भटकणं होतं.

हद्दींचंही एक लक्षात ठेवा. १८८९च्या कायद्यानंतर १८९१-९२च्या सुमारास अनेक पॅरिश आणि काउंट्यांच्या सीमा बदलल्या. १९०१ला तेच घर वेगळ्या पॅरिशखाली आलेलं असू शकतं, म्हणून पानाच्या माथ्यावरचे सगळे रकाने उतरवून घ्या, केवळ गावाचं नाव नको.

मोठा मुलगा १८९१ आणि १९०१ दोन्हींत बेपत्ता असेल आणि मृत्यूही मिळत नसेल, तर देशाबाहेर पाहा. ड्रायव्हर आणि फिटर कॅनडाला गेले, तसे हिंदुस्थानातल्या रेल्वेतही आले. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या ‘एन-३’ मालिकेत आहेत. मुंबईतल्या सेंट अँड्र्यूज या स्कॉटिश चर्चमधले विधीही तिथेच शोधायचे.

तर क्रम असा धरा: १८८०ची जन्मनोंद, तिच्यावरून विवाहनोंद, मग १८७१-७२ची किंगुसीची जन्मनोंद, तिच्यातल्या पत्त्यावरून १८७१ची वही, त्यानंतर १८८१-९१चे मृत्यू, आणि शेवटी १८९१. पत्त्याच्या आसपासची पानं वाचायची वेळ आली की स्कॉटलंड्स पीपलवर पानं उघडण्यासाठी विकत घेतलेली क्रेडिट भराभर संपतात. एडिनबरोला जाणं जमत असेल तर जनरल रजिस्टर हाउसमधल्या केंद्रात दिवसाचं ठराविक शुल्क भरून हवी तितकी पानं पाहता येतात, तेव्हा हे काम तिथल्या एका दिवसासाठी राखून ठेवा. विवाहनोंदीतली चार आडनावं मिळाली की कळवा, त्यांवरून लॅगनची १८५१ आणि १८६१ची पानं कशी वाचायची ते सांगतो.